सोळा, अठरा की एकवीस? सवाल फुटांचा आहे, बॉस!

अमेरिकेत बास पकडायला जाणाऱ्या हौशी मंडळींमध्ये माशाच्या वजनावरून होत नाहीत एवढे वाद बोटीच्या लांबीवरून होतात. डॅलसजवळच्या एका मराठी घरातला असाच एक वाद मेजरिंग टेप आणि खडू घेऊन मिटवला गेला, त्याची ही गोष्ट. बोट घ्यायची नसली तरी वाचा. फ्लॅट, बाइक किंवा टीव्ही घेताना आपण याच चुका करतो!

‘एकवीस फुटी घेतोय. फायनल!’

डोंबिवलीतला माझा शाळूसोबती गेली अकरा वर्षं डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतोय. सकाळी ऑफशोअरबरोबर कॉल, संध्याकाळी पोराचं क्रिकेट कोचिंग, रविवारी कुणाकडे तरी पॉटलक. सगळं टिपिकल. फरक इतकाच, की शनिवारी पहाटे आपण लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतो आणि हा पठ्ठ्या लेकवर गळ टाकून बसलेला असतो. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. या गोष्टीसाठी त्याच्या आईने त्याला अजून माफ केलेलं नाही. ‘सोडायचाच होता, तर गेलास कशाला मेल्या?’ हा काकूंचा सवाल आहे आणि त्याला आजतागायत उत्तर मिळालेलं नाही.

गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी तीन महिने तिकडे होतो. पहिल्याच वीकेंडला घरी गेलो, तर डायनिंग टेबलावर बोटींच्या ब्रोशर्सचा ढीग! साहेब एकवीस फुटांवर ठाम. वहिनी गप्प. आणि नऊ वर्षांचे चिरंजीव बोटीचा विषय निघाला, की उठून आपल्या खोलीत.

काहीतरी गडबड होती खास.

हा बास म्हणजे कोण?

आधी एक गैरसमज दूर करू. बास म्हटलं, की अलिबागकडच्या मंडळींना जिताडा आठवेल, कारण जिताड्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात. पण हा तो नव्हे. अमेरिकनांचा लाडका लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला. हिरवट अंग, भलंमोठं तोंड आणि स्वभावाने एक नंबरचा भांडखोर. गळाला लागला, की पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. सगळी गंमत त्या झटक्यात आहे. टेक्सासचा रेकॉर्ड १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंच्या आसपास. १९९२ च्या जानेवारीत तो लेक फोर्कवर मिळाला. आपल्यासारख्यांना दोन-तीन पौंडी मिळाला तरी आठवडाभर ऑफिसात सांगायला होतं.

हा मासा राहतो काठाजवळ, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत, पाणवनस्पतींत. तिथे उथळ पाण्यात हळूच शिरायचं, उभं राहून नेमका गळ टाकायचा आणि नाही मिळाला, तर भर्रकन दुसऱ्या टोकाला पळायचं. या तिन्ही गरजांतून बास बोट जन्माला आली. १९४८ मध्ये होम्स थर्मंड नावाच्या माणसाने ‘स्कीटर’ बनवली, तीच पहिली बास बोट असं मानलं जातं. नंतर १९६० च्या दशकाच्या अखेरीस रे स्कॉटने बास फिशिंगच्या स्पर्धा सुरू केल्या आणि १९६८ मध्ये फॉरेस्ट वूडने अर्कान्सातल्या फ्लिपिन गावात ‘रेंजर’ बोटी काढल्या. १९७८ मध्ये ‘बास ट्रॅकर’ आली. बोट, इंजिन आणि ट्रेलर एकाच पॅकेजमध्ये! मग काय, मध्यमवर्गीय माणूसही बोटवाला झाला.

रूप साधारण तेच राहिलं. बुटकी, चपटी बोट. पुढे आणि मागे उभं राहायला सपाट डेक. नाकावर एक छोटी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर, जी पायाने चालवायची. मागे भलंमोठं पेट्रोल इंजिन. मधे मासे जिवंत ठेवायची टाकी. लांबी मात्र सोळा फुटांपासून एकवीसपर्यंत. वरवर बघितलं तर फक्त पाच फुटांचा प्रश्न. या पाच फुटांत माझ्या मित्राची झोप उडाली होती.

टेक्सोमावरची ती दुपार

खरी गोष्ट मला साहेबांनी सांगितलीच नाही. ती सांगितली चिरंजीवांनी, तीही आइस्क्रीमच्या बदल्यात. ‘काका, पाणी इथपर्यंत आलं होतं,’ असं म्हणून त्याने घोट्याच्या वर बोट ठेवलं.

झालं होतं असं. साहेबांची पहिली बोट सोळा फुटी, सेकंडहँड, अॅल्युमिनियमची. घराजवळच्या लेक लुईसव्हिलच्या खाचाखोचांत मस्त चालायची. हलकी, साध्या गाडीने ओढता येणारी, गॅरेजमध्ये मावणारी. दोन वर्षं काही त्रास नाही. मग एप्रिलमधल्या एका शनिवारी उत्साहाच्या भरात बाप-लेक गेले टेक्सास-ओक्लाहोमा सीमेवरच्या लेक टेक्सोमावर. टेक्सोमा म्हणजे चेष्टा नाही. डेनिसन धरणामुळे १९४४ मध्ये तयार झालेला हा जलाशय ८९,००० एकरांचा आहे. आणि टेक्सासमध्ये वसंतात दक्षिणेचा वारा सुटला, की सुटला! सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी ओळखू येत नाही.

वारा जितक्या लांबवर मोकळ्या पाण्यावरून धावतो, तितक्या लाटा मोठ्या होतात, हा साधा फंडा. पण लेकवरची लाट समुद्रासारखी लांबलचक, ऐसपैस नसते. ती तोकडी, उभी आणि एकामागोमाग एक येणारी असते. सोळा फुटी बोट अशा दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात उतरते आणि मान वर काढायच्या आत तिचं नाक पुढच्या लाटेत घुसतं. बास बोटीचं नाक मुळातच बुटकं. साहेबांच्या बोटीने तेच केलं. पुढच्या डेकवरून पाणी थेट आत. घाबरून त्यांनी थ्रॉटल एकदम शून्यावर आणला. ही दुसरी चूक, कारण बोट अचानक थांबली, की तिने स्वतःच मागे उठवलेली लाट पाठीमागून चढून येते. तशी ती आलीच.

नशीब, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होती. टेक्सासमध्ये छोट्या बोटीवर तेरा वर्षांखालच्या मुलाला ते घालावंच लागतं. पाणी उपसणारा पंप चालू होता. कसेबसे एका खाडीसारख्या आडोशाला लागले आणि तासभर तिथेच बसून राहिले. घरी आल्यावर साहेबांनी महिन्याभरात बोट विकून टाकली. चिरंजीवांनी त्यानंतर पाण्यात पाय ठेवला नव्हता.

एकवीस फुटांच्या हट्टाचं कारण आता माझ्या ध्यानात आलं. त्याला नुसती मोठी बोट नको होती. पोरगं परत आपल्याबरोबर यायला हवं होतं.

ब्रोशरमधली लांबी म्हणजे सुपर बिल्ट-अप!

मग आम्ही बसलो. ब्रोशर, लॅपटॉप आणि वहिनींची कांदाभजी.

पहिली गोष्ट, बोटीच्या मॉडेलमधला आकडा बऱ्याचदा लांबी सुचवतो, पण त्यावर विसंबू नका. स्पेसिफिकेशनची लांबी ही फक्त बोटीच्या सांगाड्याची. मागे लटकणारं इंजिन त्यात नाही, ट्रेलरची पुढे आलेली मान त्यात नाही. म्हणजे ब्रोशरमध्ये साडेअठरा फूट वाचलंत, तर घरी येणारं प्रकरण साडेबावीसच्या घरात. फ्लॅटच्या बाबतीत बिल्डर आकडा फुगवून सांगतो, इथे उलटं, तो आकसून येतो! आणि आतल्या वापरायच्या जागेचं काय? तो कार्पेट एरिया रुंदीवर ठरतो. सारख्याच लांबीच्या दोन बोटींत सहा-आठ इंचांनी जास्त रुंद असलेली बोट उभं राहिल्यावर कमी कलंडते. त्यामुळे लांबी विचारलीत, की रुंदीही विचारा. साडेसात फुटी रॉड आतल्या कप्प्यात आडवा मावतो का, हेही बघून घ्या. लहान बोटींत मेख इथे असते.

दुसरी गोष्ट लाटांची. सोळावरून अठरा-एकोणीस फुटांवर गेलं, की फरक जाणवतो. बोट त्या तोकड्या लाटांच्या मधे बुडी मारण्याऐवजी दोन लाटांवर रेलून पुढे सरकते. वजन वाढतं, नाकही थोडं वर येतं. पुढे एकोणीसवरून एकवीसवर गेल्यावरही फरक पडतो, पण माझ्या मते आपल्यासारख्या वीकेंडवाल्याला त्यातून मिळतं ते कमी आणि त्याची किंमत जास्त. एकवीस फुटी ही स्पर्धावाल्यांची बोट. त्यांना वारा असो, पाऊस असो, ठरलेल्या वेळेत वीस-पंचवीस मैल लांबचा कोपरा गाठायचा आणि परत यायचं असतं. म्हणून २५० हॉर्सपॉवरचं इंजिन. बासमास्टरच्या स्पर्धांत कमाल मर्यादाच तेवढी आहे. ताशी सत्तर मैलांचा वेग त्यांच्या पोटापाण्याचा भाग झाला. आपल्याला ऑफिसच्या मेलपासून लांब जायचंय, तेही सावकाश गेलं तरी चालतं.

आणि एक लक्षात घ्या. बास बोट एकवीस फुटी झाली तरी तिच्या बाजू बुटक्याच राहतात. टेक्सोमा खवळला, की मोठी बोट असलेलाही किनारा गाठतो. ‘मग तुझ्या त्या दुपारी एकवीस फुटी असती, तर काय केलं असतंस?’ मी विचारलं. साहेब जरा वेळ भजी खात राहिले. मग म्हणाले, ‘आणखी आत गेलो असतो रे.’

वहिनींनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

वीस फुटांची एक गंमत

अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमांत लांबीला फार महत्त्व आहे. सोळा फूट किंवा जास्त लांबीची बोट असेल, तर लाइफ जॅकेटशिवाय फेकता येणारं एक तरंगतं साधनही ठेवावं लागतं. वीस फुटांखालच्या मोटरबोटीवर कॅपॅसिटी प्लेट सक्तीची. म्हणजे एक छोटी पाटी, जिच्यावर किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर हे छापलेलं असतं. त्याच बोटींमध्ये, बोट पाण्याने भरली तरी आडवी तरंगत राहील एवढा फोम भरणंही सक्तीचं आहे. वीस फूट झाले, की कायद्याची ही दोन्ही बंधनं संपतात! चांगल्या कंपन्या मोठ्या बोटींतही फोम भरतात, पाटीही लावतात. पण ते विचारून घ्यायला हवं, गृहीत धरायला नको. ‘मोठी म्हणजे आपोआप सेफ’ असं समजणाऱ्या साहेबांचा चेहरा हे ऐकून बघण्यासारखा झाला होता.

त्या पाटीवरचा हॉर्सपॉवरचा आकडाही लांबीतूनच येतो. बोटीच्या फुटांना मागच्या, इंजिन लावायच्या फळीच्या रुंदीने गुणायचं. स्टिअरिंग व्हील असलेल्या नेहमीच्या बास बोटीला त्या गुणाकाराची दुप्पट करून त्यातून ९० वजा करायचे. अठरा फूट लांब, सात फूट रुंद, तर गुणाकार १२६, दुप्पट २५२, उरले १६२, वरच्या पाचाच्या पटीत १६५. म्हणून अठरा फुटी बोटींवर १५० चं इंजिन सर्रास दिसतं. पैसे वाचवायला फारच छोटं इंजिन लावलंत, तर चार माणसं बसल्यावर बोट पाण्यावर चढायलाच तयार होत नाही. इथे कंजुषी नको.

आणखी एक, २०२१ च्या एप्रिलपासून सव्वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर वेगात जाताना चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवायचीच, असा कायदा आहे. चालक पाण्यात पडला, तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ नये म्हणून. साहेब आधी ही दोरी स्टिअरिंगलाच गुंडाळून ठेवायचे. कबूल केलं त्यांनी.

खिसा, गाडी आणि गॅरेज

पैशांचं थोडक्यात. सोळा-सतरा फुटी अॅल्युमिनियमची नवी बोट पंधरा-वीस हजार डॉलरच्या पुढे सुरू होते. एकवीस फुटी फायबरग्लास, २५० च्या इंजिनासह सगळी नटवून घेतली, की आकडा लाखाकडे सरकतो आणि ओलांडतोही. कर्ज पंधरा वर्षांचंही मिळतं. पंधरा वर्षं ईएमआय! पोरगं तोवर बोट चालवायला नाही, लग्नाला आलेलं असेल. शिवाय लांबीबरोबर बाकीचं सगळं वाढतं. छोट्या बोटीची ट्रोलिंग मोटर १२ व्होल्टची, एक बॅटरी. अठरा-एकोणीसला २४ व्होल्ट, दोन बॅटऱ्या. एकवीसला ३६ व्होल्ट, म्हणजे तीन.

वजनाकडे नीट बघा. एकवीस फुटी बोट, इंजिन, पेट्रोल, सामान आणि ट्रेलर मिळून चार हजार पौंडांच्या वर जातं. साहेबांच्या मधल्या आकाराच्या एसयूव्हीची ओढायची क्षमता कागदावर पाच हजार पौंड. ‘ओढेल की!’ ओढेल रे बाबा, पण सिग्नलला थांबवायचंही आहे. आणि शेवाळलेल्या उतारावरून पाण्यातून वरही काढायचंय. अशा वेळी काठावरचा आकडा कामाला येत नाही. फायबरग्लासची अठरा फुटी तीन हजारांच्या आसपास येते, अॅल्युमिनियमची त्याहून कमी. गाडी निवांत राहते.

मग निघाली मेजरिंग टेप. गॅरेजची खोली भिंतीपासून दारापर्यंत भरली बावीस फूट. भिंतीलगत वहिनींचा फ्रीजर आहे, तो धरला तर वीसच. एकवीस फुटी बोट ट्रेलर आणि इंजिनासकट पंचविसाच्या आसपास जाणार. ट्रेलरची मान दुमडता येते, त्यात दोनेक फूट वाचतात. इंजिन एका बाजूला वळवून ठेवलं, तर अजून काही इंच. बोट तिरकी घालायची युक्तीही लोक करतात. एवढं सगळं करूनही दार बंद होईना. बाहेर ठेवायची, तर सोसायटीवाल्यांचा नियम आड येतो. हो, तिकडेही सोसायटीवाले आहेत आणि ड्राइव्हवेत बोट दिसली, की पत्र पाठवतात! मग भाड्याच्या जागेत ठेवायची. म्हणजे दर महिन्याचं भाडं आलं आणि शुक्रवारी रात्री बोट आणायला जायचा कंटाळाही आला. मी बघितलेल्या बोटवाल्यांचा अनुभव असा, की बोट घरी असेल, तरच ती पाण्यात जाते.

अठरा-साडेअठरा फुटी मान दुमडून साडेवीसपर्यंत बसत होती. फ्रीजर हलवावा लागणार होता. ‘तो मी हलवते,’ वहिनी म्हणाल्या. चर्चेतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

साहेब तरी कुरकुरतच होते. अमेरिकेत या कुरकुरीला नाव आहे, ‘टू-फूट-आयटिस’. बोट कितीही लांब घ्या, दोन फूट आणखी हवे होते, असं वाटत राहतं.

खडूची बोट

शेवटी मी चिरंजीवांचे रंगीत खडू आणले आणि ड्राइव्हवेवर दोन बोटी काढल्या. एक अठरा फूट सहा इंचांची, दुसरी एकवीसची. डेक, सीट, ट्रोलिंग मोटर, सगळं. हा उद्योग कुणीही करावा, फुकट आहे. साहेबांना पुढे उभं केलं, हातात रॉड म्हणून केरसुणीचा दांडा. मी मागे, दुसरा दांडा घेऊन. सोळा फुटीत आमचे दांडे एकमेकांवर आपटले असते, अठरात सुटत होते.

एवढा गोंधळ ऐकून चिरंजीव बाहेर आले. जरा वेळ लांबून बघितलं. मग मधल्या सीटच्या चौकोनात येऊन बसले. आधी एकवीसमध्ये.

‘बाबा, तू तिथे उभा राहणार?’

‘हो.’

पोराने उठून पावलं मोजली. सात. मग अठरात जाऊन बसला आणि पुन्हा मोजली. पाच.

‘यात मी येईन,’ तो म्हणाला. ‘पण तो मोठा लेक नाही.’

साहेब केरसुणी हातात धरून तसेच उभे राहिले. वहिनी आत चहा टाकायला गेल्या.

साडेअठरा फुटी सेकंडहँड फायबरग्लास बोट, १५० चं इंजिन, असा सौदा पुढच्या महिन्यात झाला. घ्यायच्या आधी पाण्यात चालवून बघितली, सगळ्यांना बसवून, टाकी भरून. डीलरच्या आवारात ट्रेलरवर चढून बघण्याला चाचणी म्हणत नाहीत, हे एव्हाना साहेबांना पटलं होतं. दोरीही अंगाला लावली. वारा पंधरा मैलांच्या वर असेल, तर जायचं नाही, असा कागद वहिनींनी फ्रिजवर चिकटवलाय. त्याखाली तिघांच्या सह्या आहेत.

परवा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. ठिकाण लेक रे रॉबर्ट्स. नारिंगी लाइफ जॅकेट घातलेले चिरंजीव आणि हातात वीतभर लांबीचा बास. खाली डोंबिवलीहून काकूंची कॉमेंट होती: ‘छान! सोडला असेलच.’